पंचनामा

पाणी उतरल्यावर पाचव्या दिवशी
मी शिरोळकडच्या मळीत उतरले,
टेप, रजिस्टर, मोबाइल.
पद्मण्णा मगदूमांचा ऊस उभाच होता,
सुरळीत गाळ, आतून कुजका.
नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर? होय.
फोटोसाठी त्यांनी टोपी सरळ केली,
वरबापासारखी.

"आणि बांधावरचा माझा घेवडा?"
काकू मागून म्हणाल्या.
घेवड्याला रकाना नव्हता.
सातबाऱ्यावर काकूही नव्हत्या.
"ऱ्हाऊ दे. पैसं नकोत त्याचं.
लिवून तेवढं ठेवा कुठंतरी,
हुता म्हणून."

अनुदान दिवाळीनंतर जमा झालं,
पद्मण्णांच्या खात्यावर, आठ गुंठ्यांचं.
रजिस्टर तहसीलला गेलं.
त्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं:
घेवडा, बावीस वेल, अनंतमती मगदूम.
कुणी खोडलं नसेल तर.