अकरा मिनिटं, डावीकडे

येसेनिया म्हणाली, मी जागी असेन तोवर तूही जागा राहा.
काही करायचं नाही. पाणी आणू नको,
लंगोट बदलू नको, दिवा तर मुळीच लावू नको.
नुसते डोळे उघडे ठेव.

मी म्हटलं, सकाळी सातला टेकडीवरची लिफ्ट मी सुरू करतो.
लाकडी डबा, तारेवर लोंबकळणारा,
आत शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या, म्हातारे.
माझा डोळा लागला तर सगळे थेट बंदरात.

ती म्हणाली, ते सगळे दीड मिनिटात उतरून आपापल्या वाटेने जातात.

(दोन डबे असतात. एक वर गेला की दुसरा खाली येतो.
त्यावरून नवराबायकोचे विनोद करणारे
रोज दोन तरी भेटतात.
आठ वर्षं झाली. मी हसणं सोडलंय.)

मीही काही कमी नाही.
मिलाचं वजन चांगलं भरलंय असं नर्स म्हणाली,
तरी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून निळी वही आणली:
किती वाजता, कुठल्या बाजूला, किती मिनिटं.
सगळं लिहायचं. रोज. न चुकता.
कामावर आम्ही तारेला वंगण घालतो, त्याचीसुद्धा नोंद असते.

मी तार आहे का, असं तिने विचारलं.
उत्तर सुचेपर्यंत तिने पेन उचललं होतं.

आमची भांडणं कुजबुजीत होतात.
वाल्पाराइसोच्या या चढावर घरं पत्र्याची,
पलीकडे दोन्या एल्सीरा खोकली
की समजायचं, तिला सगळं ऐकू येतंय.
कुजबुजीत दिलेली शिवी लांबून
जपमाळ ओढल्यासारखी वाटते.
बहुतेक म्हणूनच ती परवा येसेनियाला म्हणाली,
तुमचं घर किती श्रद्धाळू.

अकराव्या रात्री मी वही उघडली. वजनाचा हिशोब करायचा होता.

*२:४०. डावीकडे. अकरा मिनिटं.*
*२:५१. हा घोरतोय.*
*३:०५. बंदरात दिवे चौदा. काल पंधरा होते.*
*३:३०. उजवीकडे. किती मिनिटं, माहीत नाही.*
*३:५०. एक कुत्रा जिना चढून गेला. सावकाश, मध्ये थांबत.*
*४:१५. कोणी नाही.*

पुढच्या पानावरही तेच. कोणी नाही,
आणि त्याच्यासमोर, माझ्याच सूचनेप्रमाणे, अचूक वेळ.

त्या रात्री मी उशी भिंतीला लावून बसलो.
सकाळी पाहिलं:
*२:४३. बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं.*
*डोळे मात्र थोडा वेळ होते.*

हे मी तिला वाचून दाखवणार होतो,
काहीतरी बोलणारही होतो,
तेवढ्यात अमारो उठून आला. तीन वर्षांचा. एकच मोजा घातलेला.
मी सवयीने त्याचा पाव मधोमध मोडला.
आमच्याकडचा पाव मोडण्यासाठीच असतो,
बेकरीवालाच त्यावर खाच पाडून देतो.
पण आज अमारोला तो अख्खा हवा होता.
दुसरा नको. हाच. आधी होता तसा.

आणि आम्ही दोघं, ज्यांना एकमेकांचं
एक साधं मागणं डोंगराएवढं वाटलं होतं,
पाव सांधायला बसलो.
तिने लोणी लावलं. धरेना.
मी पिकलेला आवोकाडो चुरडून फटीत भरला.
ती म्हणाली, दाब. मी म्हटलं, दाबतोय.
ती म्हणाली, इतका नको, चपटा होईल.
हे शक्य नाही, असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.
मुलाचा तो हट्ट. आमचा मात्र अट्टहास.

अमारोने पाव हातात घेऊन फिरवून पाहिला.
"हा नाही," म्हणाला. "तो."

येसेनिया हसली. आवाज करून.
मिला जागी झाली, पलीकडे दोन्या एल्सीरा खोकली,
आणि अमारो हिरवं माखलेलं ते प्रकरण
खाली बसून खाऊ लागला, जणू मागितलंच नव्हतं काही.

तिने वही ओढली. लिहिलं: *६:१०. पाव.*

सव्वासहा, मी म्हटलं. घड्याळ बघ.

दहा, ती म्हणाली.