कला

फिल्म धुतली की ती दोरीवर वाळत घालायची,
लीड्समधल्या त्या तळघरात, हायपोच्या वासात.
मग खिडकीपाशी बसून एकेक ठिपका
पट्टीवरच्या काळोखाशी ताडून बघायचा:
हा सात, हा बारा, हा जेमतेम दोन.
युनिस ॲकरॉइड, वय एकोणतीस,
लोकरीच्या गिरणीतल्या विणकरणीची लेक;
तागा उलगडताना तुटका धागा लांबूनच हेरणारे डोळे
आईकडून आलेले.

स्फटिक म्हणजे तिळाचा चौथा हिस्सा,
काचेच्या केसावर डिंकाने चिकटवलेला.
किरण त्यातून गेले की ठिपके पडतात.
ठिपका सांगतो लाट किती जोराची होती.
चढत आली की उतरत, ते सांगत नाही.
लाटेची कला म्हणतात तिला, चंद्राची असते तशी.
फिल्मपर्यंत पोचता पोचता ती हरवते.

घरी बिस्किटांच्या डब्यात विल्फची पत्रं. अकरा.
तारखा, गावं सेन्सॉरने ब्लेडने कापून घेतलेली,
चौकोनी भोकांतून मेजपोशाची नक्षी दिसते.
लिफाफे आईने तेव्हाच चुलीत घातले होते.
आता दर रविवारी ती पत्रं नव्या क्रमाने लावते:
आधी खोकला, मग बढती?
की आधी बढती?

दोन वर्षं तो क्षार काही उकलला नाही.
मग डॉक्टर थ्वेट्सनी त्यात ब्रोमीन घातलं,
एकच जड अणू. त्याची जागा आधी सापडते,
मग कार्बन, नायट्रोजन, सगळे हलकेफुलके
त्याच्या अल्याड की पल्याड, ते हळूहळू कबूल करतात.
युनिसने सात आठवडे बेरजा केल्या,
काचांवर उंचीच्या रेषा काढल्या,
काचा एकावर एक रचल्या, खालून दिवा धरला.
आत टेकड्या.

त्या रविवारी तिने आईच्या हातून गठ्ठा घेतला.
एका पत्रात होतं: बाबांचं कळलं.
एवढंच, आणि खाली नाव.
ते मध्ये ठेवलं.
"बाबांचा गुडघा कसा आहे" विचारणारी डावीकडे.
ज्यांत बाबा नव्हतेच, ती उजवीकडे.
आई चष्मा पुसत राहिली, बराच वेळ,
एकच काच.

नकाशात एक उंचवटा उरलाय,
कशालाच न जोडलेला.
थ्वेट्स म्हणतात, पाणी असेल, लिहून टाका.
युनिस पेन्सिल कानावर खोचून बघत बसते.
डब्यातही एक पत्र तसंच,
कुठल्याच बाजूला न बसणारं.
त्यात फक्त मोजे मागितलेत.
राखाडी चालतील,
गुडघ्यापर्यंत हवेत.