जादा बटण

कोरड्या पुलावर आमची दुकानं शेजारी शेजारी.
लामाराचं दोरीवर, माझं चादरीवर.
ती स्वेटर विकते, मी बटणं.
पुलाखाली पाणी नाही, म्हणून नाव कोरडा;
नदी जरा पलीकडून जाते
ओळख न दाखवता.

तिबिलिसीत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानात
नगरपालिका प्लॅस्टिकचा बिल्ला ठोकते:
टोचून झालं, हा बाधायचा नाही, राहू द्या.
त्याच कुत्र्यांना लामारा लोकरीवर काढते,
पण आहेत तशी नाही.
मेट्रोच्या दारात आडवा पडलेला जाड्या
तिच्याकडे मेजवानीत उभा राहून भाषण ठोकतो,
हातात दारूचं शिंग, मिशीला पीळ.
पावाच्या भट्टीमागची लंगडी झाली नर्तकी,
चौथा पाय जणू मुद्दामच हवेत.
एका मांजराला तर तिने
बाल्कनीत वाळत घातलंय, दोन चिमटे लावून,
आणि मांजराची काही तक्रार नाही.

कानातल्या बिल्ल्याच्या जागी माझं बटण.
पिवळं, चार भोकांचं,
बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या गणवेशांवरून उसवलेलं.
"एतेरी, पिवळी आण गं," ती ओरडते,
"आज तीन कुत्री कानावाचून बसलीत!"

ब्रोलियाचा स्वेटर एकच होता.
चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र, चेहऱ्यावर पेन्शनीची काळजी.
खरा ब्रोलिया त्याच्याच खाली बसायचा
आणि स्वेटरला हात लावेल त्याच्यावर भुंकायचा.
दोन हिवाळे तो खपला नाही.
"हाच धंदा बसवतोय माझा," लामारा म्हणायची,
आणि कुणी किंमत विचारली की
दहा लारी वाढवून सांगायची.

फेब्रुवारीत ब्रोलिया आला नाही.
किऑस्कवाला गुराम म्हणाला, गाडीखाली.
फुलवाली म्हणाली, छे, कुणीतरी घरी नेला, वरच्या चढावर,
अंगण आहे म्हणे, डाळिंबाचं झाड आहे.
लामारा काहीच म्हणाली नाही.
हातातली चिल्लर पुन्हा पहिल्यापासून मोजली.

आठव्या दिवशी एक उंच परदेशी बाई
त्या स्वेटरसमोर थांबली. हात लावला.
कुणी भुंकलं नाही.
लामाराने किंमत सांगितली,
अगदी पहिली, दोन वर्षांपूर्वीची.
मी मान वळवून बघितलं तिच्याकडे.
ती बाह्यांची घडी घालत होती,
निजलेल्या पोराचे हात छातीवर ठेवावेत तशी.
बाईने खुणेनेच विचारलं, कुत्रा कुणाचा?
लामाराने हात फिरवला सबंध पुलावरून.

मग पिशवीत घातलेला स्वेटर परत काढला,
माझ्याकडून एक पिवळं मागून
आतल्या शिवणीत टाचून दिलं.
बाई घड्याळ बघत होती.
"कान हरवला तर," लामारा म्हणाली, आपल्या भाषेत.
बाईला काय कळलं कोण जाणे,
ती हसली आणि गेली.

संध्याकाळी चादर गुंडाळताना
दगडांच्या फटीत एक बटण सापडलं.
पिवळंच. कडेला दातांचे व्रण,
एक भोक पार चावून गेलेलं.
शिवायच्या कामाचं नाही ते आता.
विचारलंत तर सांगेन किंमत.
उद्या विचाराल
तर दहा लारी जास्त.