दहा अब्जांचं तिकीट

कोरे गल्लीत आमची आणि गुरुसिद्धप्पांची भिंत एकच.
तिच्यात एक कोनाडा, आरपार.
त्यातून तिकिटांच्या वह्या इकडच्या तिकडे जायच्या.
बाबा हेड पोस्टात सॉर्टर, ते नगरपालिकेत मोजणी कारकून.
रात्री चिमट्यात तिकीट धरून
बाबा मराठीत भाव सांगायचे,
ते कानडीत पाडायचे.

छ्याऐंशीच्या जूनमध्ये त्यांच्या खिडकीवर धोंडा आला.
कुणी मारला, कधीच कळलं नाही.
बाबांनी विचारायला जायला हवं होतं.
गेले नाहीत.
आठवड्यात कोनाडा बुजला:
विटा त्यांच्या, गिलावा आमचा,
बोलणं नाही.

अठरा वर्षं.

मी नववीला इतिहास शिकवते.
हरलेला जर्मनी पुन्हा दारं ठोठावू लागला,
टोपी हातात, नकाशा खिशात.
पंचवीसच्या ऑक्टोबरात लोकार्नोला
मंत्र्यांनी तळ्यात बोट फिरवली, मग कागद झाले.
पश्चिमेची सीमा : मान्य.
पूर्वेची : भांडण झालंच तर लवाद.
मान्य, असं कुठंच लिहिलेलं नाही.
मागच्या बाकावरून भारता कुगजी म्हणाली,
"आमच्यागतच की ओ मॅडम, कोर्टात हाय."
वर्ग हसला. मी फळा पुसला,
अर्धाच.

त्याच महिन्यात टपाल आलं.
पाठवणार : शेजारचं घर.
कॅम्पातल्या पोस्टाचा शिक्का, दोन दिवसांचा प्रवास.
आत चिठ्ठी नाही, एक तिकीट,
तेवीस सालचं, जर्मन,
जुन्या किमतीवर घाईनं छापलेलं : दहा अब्ज.
एवढ्या पैशात तेव्हा एक पत्र जायचं.
बाबांनी भिंगातून तासभर पाहिलं.
"माझंच हाय. त्या जूनच्या आधी दिलेलं."

उत्तरही पोस्टानंच. रजिस्टर, पोचपावतीसह.
पावती परत आली, खाली कानडी सही.
बाबांनी ती तिकिटांच्या वहीत चिकटवली,
पहिल्या पानावर.

भेटले शेवटी पेन्शनच्या रांगेत.
खुर्ची एकच मोकळी होती.
दोघंही उभे राहिले,
पाय दुखेपर्यंत.

मग ओसरीवर कर्दंटाचा पुडा सोडून ठरलं :
भिंत सामाईक, मान्य.
कोनाडा उघडायचा, मान्य.
गल्लीच्या तोंडाच्या पाटीची भाषा,
त्यावर गुरुसिद्धप्पा चुना मळत राहिले
आणि बाबांना खोकला आला.
धोंड्याचं नाव कुणीच काढलं नाही.

रात्री बाबांनी विचारलं,
"त्या तळ्यावरच्या कागदाचं पुढं काय झालं गं?"
मला सगळं ठाऊक होतं,
छत्तीसचा मार्च, नदी ओलांडणारे बूट,
आणि ज्या बाजूला सही नव्हती
तिथंच पुढं पेटलेलं.
म्हटलं, "दहा वर्षं टिकला."

"दहा?"
बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरीचे.
"भरपूर झाली की," म्हणाले,
आणि गिलावा खरवडायला
उलथनं मागितलं.