रात्रपाळी

चोवीस तासांत एक चाल.
एवढाच नियम, बाकी सगळं ड्रॅगनच्या मर्जीवर.
मी नार्वेच्या धक्क्यावर साखळी सोडतो,
दिवाडीच्या धक्क्यावर साखळी ओढतो,
आणि मधल्या पाण्यात
एक राज्य चालवतो.

राज्य तसं लहान. षट्कोनांचं,
गांधीलमाशीच्या पोळ्यासारखं.
तीन गावं, एक मनोरा,
एक चेटकीण, जिला दर चौथ्या फेरीला झोप लागते,
आणि अकरा बुटके
डोंगराच्या पोटात लोखंड खणणारे.
त्यांना खाणबंदी लागू नाही.

(मी आठ वर्षं बार्जवर होतो.
अजून दिसते ती, आमोण्याच्या वळणावर
कुशीवर कललेली.
तिच्या अंगावर आता बगळे हजेरी लावतात.)

पलीकडे कोण आहे, ठाऊक नाही.
नाव लावतो ग्रोल्म सत्त्याहत्तर.
बोलायला खेळात चारच वाक्यं दिलीत:
नमस्कार. छान चाल. क्षमा असावी. लवकर करा.
चार वाक्यांवर सात महिने काढले आम्ही.
सख्ख्या भावाशी याहून कमी बोललोय.
त्याची चाल दुपारी येते,
मी हुमण-भात जेवून हात पुसत असताना.
म्हणजे तेव्हा तो जागा असतो. किंवा ती.

कायतान इंजिनवाला. खालून वर येतो,
तेलाचे हात बनियनला पुसत
माझ्या खांद्यावरून बघतो.
ड्रॅगनला काय घालतोस?
सोनं. फेरीला चाळीस.
आमचा डिझेलवर बरा, म्हणतो.

त्याचा सगळा जीव नावाड्यावर.
नावाडी म्हणजे सर्वांत स्वस्त मोहरा:
हल्ला शून्य, बचाव दोन,
चौघांना पार नेतो आणि परत येतो.
कायतानने त्याला नाव दिलं इनास,
आपल्या बापाचं.

जानेवारीत एका पहाटे धुकं असं उतरलं
की फेरीबोट नदीच्या मध्यात थांबवली.
दोन स्कूटर, एक पोदेर, टोपलीवर निळं प्लास्टिक,
सप्तकोटेश्वराला निघालेलं एक नवं जोडपं.
सगळे गप्प,
जणू बोललं तर धक्का आणखी लांब जाईल.
खेळातही असंच:
जिथं आपलं माणूस उभं नाही
तिथलं घर काळं.
कुठेतरी भोंगा वाजला.
शत्रू नव्हता, रेतीची होडी होती.
तरी मी मोजत राहिलो, किती घरं दूर.

तेव्हा सुचलं.
माझ्या नकाशातही नदी आहे, तिच्यावर एकच पूल,
पुलावर ग्रोल्मचा दगडी राक्षस
तीन आठवडे रवंथ करत बसलेला.
खाजनात वाढलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही:
भरतीला मानशीचं दार उघडं ठेवायचं,
मासा आपल्या पायांनी येतो.
मासा पायांनी येत नाही, हे कायतान म्हणाला असता,
पण तो खाली होता.
मी नावाडी रिकामा, एकटा,
पुलाखाली नेऊन ठेवला
आणि चाल पाठवली.

दुपारी राक्षस उतरला.
इनास एका घावात गेला.
पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, तेवढंच दाखवतात.
त्या रात्री चेटकीण जागी होती.
पूल माझा झाला.
पलीकडून आलं: छान चाल.

कायतानला सांगितलं.
दोन खेपा तो वर आलाच नाही.
तिसऱ्या खेपेला आला, पाण्याकडे बघत म्हणाला,
पुलासाठी नावाडी दिलास तू.

इथंही पूल होणार म्हणतात.
माझ्या बारशापासून म्हणतात.

मी काय बोलणार?
वाक्यं चारच होती,
त्यांतलं तिसरं अजून कोरं आहे.
फळी धक्क्यावर आपटली,
पोदेर सगळ्यांआधी उतरला,
भोंपू वाजवत चढणीला लागला.
पुढच्या चालीला एकोणीस तास.