वाफा क्रमांक सत्तावीस

छत्तीस वाफे. तीन वाण, खताच्या तीन मात्रा,
चारदा तेच सगळं, उलटसुलट.
कोण कुठं पेरायचं ते साहेबांनी नाही ठरवलं, मीही नाही;
बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या खुळखुळवून
निंगव्वाच्या पोरीनं ठरवलं.
सत्तावीस नंबरला निघालं: मालदांडी, खत शून्य.
"शून्य म्हणजे काहीच नाही?" पोरीनं विचारलं.
काहीच नाही, म्हणालो, आणि खुंटीवर डांबरानं नंबर घातला.

मोहोळच्या वाटेवरलं हे रान,
दीड हात काळी, खाली मुरूम.
माघात भेग अशी पडते
की चाव्यांचा जुडगा आत गेला तर खणकतसुद्धा नाही.
माझा गेलाय. भांडाराची चावी होती त्यात.

पेरणीआधी दोन दिवस, रात्री झिमझिम.
अमोगसिद्ध धनगर बांधावर उभा, मागं तीसेक मेंढरं,
घोंगडीतून पाणी निथळतंय.
सगळीकडं चिखल, तिसऱ्या फेरीचा तो कोपरा तेवढा उंच.
"एक रात बसवू का?"
खुंट्या होत्या, सुतळ्या होत्या,
नोंदवही माझ्या काखेत होती.
बसव, म्हणालो.
पहाटे तो गेला. मी लेंड्या वेचून काढल्या, हातानं.
मुताचं काय करणार.

मग पाभर चालली, पंचेचाळीस सेंटीमीटरवर ओळ;
सिद्राम त्याला दीड फूट म्हणतो, आणि त्याची ओळ सरळ येते.
विरळणी झाली, दोन कोळपण्या झाल्या.
पोटरीत आली तेव्हाच सत्तावीस वेगळी दिसायला लागली.
पान रुंद, आणि रंग असा
की बांधावरनं जाणाऱ्याची चप्पल थांबावी.
शेजारची सव्वीस, पूर्ण मात्रेची,
तिच्यापुढं आजारातनं उठल्यासारखी.

मोठे साहेब आले. खुंटी तपासली, पानं मोजली.
"शून्यात एवढं?"
माती बोटांत चोळून हुंगली त्यांनी.
मी नोंदवहीची पानं उलटत राहिलो.
माचाणावर निंगव्वा पाखरं हाकत होती;
तिची गोफण क्षणभर लोंबली,
मग पुन्हा फिरली.

काढणी, मळणी, तागडी.
मालदांडी शून्याचे बाकीचे तीन वाफे अडीच किलोच्या आतबाहेर.
सत्तावीस: चार किलो सहाशे.
रात्री मी तो रकाना कोरा ठेवला.
सकाळी सांगून टाकलं. मेंढरं, झिमझिम, घोंगडी.
साहेब रागावले नाहीत, तेच अवघड गेलं.
लाल पेन्सिलीनं सत्तावीसवर काट मारून म्हणाले,
"हा वाफा हरवला असं धरू. सूत्र आहे त्याला."
आणि खरंच आहे:
फेरीची बेरीज, वाणाची बेरीज, सगळ्याची बेरीज,
गुणा, वजा करा, भागा,
की मेंढरं न बसलेल्या रात्रीचं उत्पन्न निघतं.
दोन किलो तीनशे चाळीस.
मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.
अहवालात तेच आहे.

उरली हरवलेल्या वाफ्याची ज्वारी,
हिशेबात नसलेली, पिशवीत असलेली.
निंगव्वानं दळून आणली, शेडमागं तीन दगडांवर तवा ठेवला.
त्या दिवशी चवीचा तक्ताही भरायचा होता:
रंग, मऊपणा, गोडी, पाचांपैकी गुण.
तीन वाणांच्या तीन भाकरी साहेबांसाठी, चिठ्ठ्या लावून.
पुढच्या भाकरींना चिठ्ठी नव्हती.
त्या आम्ही खाल्ल्या, मी, सिद्राम, निंगव्वा, ती पोर,
शेंगाचटणी न् बुक्कीनं फोडलेला कांदा.
पोर म्हणाली, "हीच ती शून्याची?"
माझ्या तोंडात घास होता. मान हलवली,
होय म्हणून की नाही म्हणून ते मलाही कळलं नाही.

दोन भाकरी अमोगसिद्धासाठी फडक्यात बांधून
शेडच्या खिळ्याला टांगल्या.
चौथ्या दिवशी कडक झाल्या,
आठव्या दिवशी मुंग्या लागल्या.
खिळ्याखाली डांबरानं लिहिलेलं दिसलं,
पोरीच्या अक्षरात, वळण चुकलेलं:
सत्तावीस.