उभी, आडवी

दुकानासमोर माही गाडी.
गाडी कायची, चार विटा, एक पाट, एक शेगडी,
उकडलेले चने, कांदा, तिखट,
इतवारी तयलेले बोंबील.
कोन किती पेते ते मले दुकानवाल्याहून जास्त ठाव.
कोन दोन घेऊन गप बसते,
कोन तिसऱ्यानंतर बापाच्या नावानं रडते,
कोन चन्याचे पैसे उद्या देतो म्हनते
अन् कोनाचा उद्या कधीच येत नाही.

बेबीताई राठोड घरोघर फिरली तवा
माह्या दारासमोर थांबली नाही.
कागद उंबऱ्यावर ठेवला, वर दगड.
मी वाचला. चौथी झाली माही.
कागदावर दोन बाटल्या काढेल होत्या.
उभी म्हंजे दुकान राहू द्या.
आडवी म्हंजे बंद.
या गाडीवरून मी किती आडवे मानसं पाह्यले
त्याचा हिशोब कोनी मांगतला नाही.

सकायी सातले शायेत रांग.
कोनी गाऊनवर टॉवेल घेऊन,
कोनी येचन सोडून, कापसाची वटी कमरेलेच.
यमुनाबुडी आत्राम चौघींनी खाटेवर आनली,
रस्त्यावरच्या दोघाईले वाटलं, बुडी गेली,
टोप्या काढल्या त्याईनं.
बुडीनं खाटेवरून हात हालवला.

मी रांगेत शिरली
त पुढची जराशी सरकली, मागची जराशी थांबली.
माह्या दोन्ही बाजूले
एकेक मानूस मावन एवढी जागा.

मास्तरीनबाईनं बोटाले शाई लावली.
बोट हयदीनं आधीच पिवयं.
पुठ्ठ्याच्या आडोशाले गेली, शिक्का हातात.
खोटं कायले बोलू,
तवा मले पोराचं तोंड आठवलं नाही.
चन्याचं पोतं आठवलं,
किरान्याची साडेचार हजार उधारी.
बाहेरून मास्तरीन म्हने, बाई, झालं का?
मंग मारला.
कुठं मारला ते मी कोनाले सांगतलं नाही.
इथंबी सांगत नाही.

दिवा लागता लागता साहेबानं वाचलं:
आडवी दोनशे नव्व्यान्नव.
उभी एकतीस. बाद चार.
टाया वाजल्या, कोनीतरी गुलाल काढला.
साहेब म्हने, थांबा.
यादीत सहाशे चौदा बाया हायेत.
अर्ध्याहून एक जास्त लागते. तीनशे आठ.
जे आली नाही, ते आडवी नाही.

नऊ कमी.

गुलाल मुठीतच राह्यला.
यादीत शांता मेश्राम होती,
तिले जाऊन तीन वर्सं झाले.
लगन होऊन गेलेल्या पोरी होत्या,
वीटभट्टीवर गेलेल्या होत्या.
मेलेल्याही बाटलीच्या बाजूनं उभ्या राह्यल्या, त्यायले न इचारता.
अन् पाचशे एकोनसाठ नंबरले
प्रनिता नरेश खडसे.
माही सून.
पोरीले कडेवर घेऊन रातच्या गाडीनं गेली ते.
जिच्यापाई गाव सोडलं
त्या बाटलीलेच तिची मोजनी.

सगया बाया माह्याकडं पाहत होत्या.
एकतिसातली एक, असं तोंडावर लिहेल.
मी पदर खोचला, घरी आली,
चने भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी सांजेले
बेबीताई गाडीवर आली. पह्यल्यांदाच.
पेनारे बाजूले झाले.
हातात यादी, लाल पेन.
म्हने, काकू, वर्सानं पुन्हा करू.
कोन मेली, कोन गेली, तुमाले ठाव असन.
नावं कापून घ्याचे हायेत.

मी सांगत गेली, ते कापत गेली.
शांता. मंदा. उकंडाबाई.
पाचशे एकोनसाठवर पेन आलं
त मी झारा खाली ठेवला.
हे नको कापू, म्हनलं.
पांढरकवड्याले राह्यते, जिनिंगच्या मांगं.
नंबर हाय माह्यापाशी.
बोलाव तिले.

तिनं पेनाचं टोपन लावलं.
दहाचे चने मांगतले.
मी बांधून देल्ले, कांदा जास्त टाकला.
पैसे घेतले.